ताईची अर्धी नक्षी

ताईने पाठवलेल्या सात नक्ष्या मी मोबाईलवर बघितल्या, तेही एका ग्राहकाच्या ऑफिसच्या जिन्यात उभ्याने, काखेत फायली दाबून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू घ्यायला लागलो तर कोणी फसायला नको. स्वतःची बाजू घेण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

ताई माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. माझे केस पिकले, पट्ट्याचं बक्कल दोन भोकं पुढे सरकलं, लोक मला 'सर' म्हणायला लागले, तरी तिच्या लेखी मी अजून बारक्याच. ती भरतकामाच्या नक्ष्या काढते. सुई चालवणाऱ्या बायका पुष्कळ असतात, पण सुई कापडावर कुठून कुठे न्यायची हे आधी कोणीतरी ठरवून द्यावं लागतं. ते ताई ठरवायची. पडदे, उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं, बायकांच्या कपड्यांचे गळे आणि बाह्या, सगळ्यांवर तिच्या वेली. गावभर लोक तिच्या वेली अंगावर घालून फिरतात आणि त्यांना तिचं तोंडही माहीत नाही.

तिची कामाची रीत सांगायलाच हवी, कारण सगळं तिथेच अडकलं आहे. बटर पेपरचा मोठा ताव घ्यायचा. मधोमध घडी घालायची आणि अंगठ्याच्या नखाने ती वरपासून खालपर्यंत दाबायची. घडीच्या दोन टोकांना पेन्सिलीने एकेक ठिपका द्यायचा, ही घडीची खूण. मग एकाच बाजूला नक्षी काढायची, म्हणजे अर्धीच. अर्धं फूल, अर्धी परडी. समोरासमोर बसलेले दोन पोपट हवे असतील तर एकच पोपट. नंतर कागद लोकरीच्या जाड गादीवर ठेवायचा आणि रेघेवरून टोचणीने बारीक भोकं पाडत जायचं, कागदाच्या दोन्ही थरांतून. घडी उघडली की दुसरी बाजू आपोआप तयार. याला खाका म्हणतात. खाका कापडावर पसरून वरून निळ्या पावडरीचा बोळा फिरवला की भोकांतून कापडावर ठिपके उतरतात, आणि बायका त्यावर सुई चालवतात.

ताईने आयुष्यात कधी पूर्ण फूल काढलेलं मला आठवत नाही. "उरलेलं कशाला काढायचं? ते कागदातच असतं," असं ती म्हणायची.

आणि घडी उघडायचं काम माझं. मी शाळेतून आलो की दप्तर टाकून थेट तिच्यापाशी. तिची बोटं पावडरीने निळी झालेली असायची, म्हणून ती कागदाला हात लावायची नाही. "बारक्या, उघड." मी कागद उघडून खिडकीच्या काचेवर दोन्ही हातांनी पसरून धरायचो. सगळ्या भोकांतून उजेड यायचा. ताई मागे सरकून डोळे बारीक करून बघायची. एखादं भोक राहिलेलं मला आधी दिसलं तर माझ्या गालाला निळं बोट लावायची. मी दिवसभर तो गाल पुसायचो नाही. आई म्हणायची, "काय रे ते ध्यान!"

बाबा गेले तेव्हा मी दुसरीत होतो आणि ताई वीस वर्षांची. चित्रकलेच्या शाळेत तिला जागा मिळाली होती, ती गेली नाही. पुढे त्याच शाळेत मी गेलो, तिच्या टोचणीच्या जिवावर. घरात या गोष्टीचा कधी कोणी उच्चार केला नाही. ताईने तर नाहीच नाही. मला मात्र शाळेतला शेवटचा दिवस होईपर्यंत वाटत राहायचं की मी कोणाच्यातरी बाकावर बसलो आहे. मग मी ग्राफिक डिझायनर झालो, कामं मिळायला लागली, आणि ते वाटणं बंद झालं. सोयीचं होतं म्हणून बंद झालं.

ताई कारखान्यात खिडकीजवळच्या टेबलावर सव्वीस वर्षं बसली. कारखाना म्हणजे एका लांबलचक खोलीत तीस बायका आणि चार मशीनं. खिडकीजवळ एकच टेबल, आणि ते नक्षीवालीचं, कारण तिला उजेड लागतो. त्या टेबलाच्या कडेला तिच्या मनगटाने घासून घासून एक गुळगुळीत खळगा पडला आहे. आता हातकामाच्या ऑर्डरी कमी झाल्या होत्या. मशीनवाल्याला खाका नको होता, त्याला फाईल हवी होती. म्हणून एक दिवस मालकीणबाईंचा मला फोन आला.

"तुमचा तर हा रोजचाच धंदा," त्या म्हणाल्या. "एक चांगला टॅब सुचवा. ताईंना त्यावर नक्षी काढता आली पाहिजे. शिवाय रोजची कामं आहेतच, ऑर्डरी बघायच्या, फोटो पाठवायचे, निरोप द्यायचे."

"बघतो की. ताईला घेऊनच जातो दुकानात."

"आणि एक स्पष्ट विचारते, राग मानू नका. त्यांना जमेल ना? त्यांना जमत असेल तर मला दुसरं कोणी नकोय. पण नाही जमलं तर त्या टेबलावर मला दुसरं माणूस बसवावं लागेल. माझी भाची कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी बसली आहे, दोन पोरांची आई, तिलाही कामाची गरज आहे. आठवडाभर ताईंना करून बघू दे. नक्ष्या तुम्हाला पाठवायला सांगते. तुम्ही म्हणाल ते खरं."

तुम्ही म्हणाल ते खरं. मला तेव्हा हे वाक्य फार आवडलं होतं.

दुकानात जायचं म्हणून ताईने ठेवणीतला चष्मा लावला होता आणि निघताना दोनदा हात धुतले होते. तरी नखांच्या कडेला निळं होतंच. दुकानदार बोलका होता. त्याने दोन टॅब काढून ठेवले. एक मोठा, जड, तावाच्या पाव भागाएवढा, काच किंचित खरखरीत, पेन सोबत. पेन दाबलं की रेघ जाड, उचललं की बारीक, तिरपं धरलं तर पसरट. दुसरा लहान आणि हलका, काच आरशासारखी गुळगुळीत, पेन वेगळं घ्यायचं, आणि त्यात चित्रांसाठी वही नावाचं एक साधं अ‍ॅप.

"डिझाईनवाले हा मोठा नेतात," दुकानदार म्हणाला. "आणि घरगुती वापराला हा छोटा. बॅटरी दिवसभर चालते, पर्समध्ये मावतो, बोलायला, बघायला, वाचायला एक नंबर."

ताईने मोठा टॅब टेबलावर सपाट ठेवला. पेन हातात घेऊन तोललं. मग एका श्वासात एक वेल काढली, वळत वळत वर जाणारी. सुरुवातीला रेघ बारीक, वळणावर भरलेली, टोकाला पुन्हा केसासारखी. तिने पेन उचललं आणि माझ्याकडे बघितलं. पन्नाशी उलटलेल्या माझ्या बहिणीचा चेहरा असा मी फार वर्षांनी बघत होतो.

"बारक्या," ती हळूच म्हणाली, "याला कळतं रे."

मग तिने अंगठ्याचं नख काचेच्या मधोमध टेकवलं आणि वरपासून खालपर्यंत दाबत नेलं. पान भर्रकन सरकून गेलं. वेल दिसेनाशी झाली.

"बाई, नख नका लावू," दुकानदार म्हणाला आणि फडक्याने काच पुसायला लागला.

मी काय करायला हवं होतं? हसून सांगायला हवं होतं की ती तीसहून जास्त वर्षं घड्या दाबते आहे, तिचा अंगठा आपोआप तिथे जातो. मी म्हणालो, "ताई, हात मागे घे बघू." लहान मुलाला म्हणतात तशा आवाजात. ताईने दोन्ही हात मागे घेतले आणि दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली. तिथून ती रस्ता बघत होती.

ती उठून गेल्यावर दुकानदाराने मोठ्या टॅबवर आणखी एक करामत दाखवली. मधोमध एक उभी रेघ आली. त्याने रेघेच्या डावीकडे अर्धं पान काढलं आणि उजवीकडे दुसरं अर्धं आपोआप उमटत गेलं. "एक बाजू काढा, दुसरी फुकट," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," मी म्हणालो. "खेळणी आहेत ती. यांना कशाला लागतंय?"

अशीच सोय असलेला एक जुना टॅब माझ्याकडे होता. मी ती सोय अधूनमधून वापरायचो. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. आणि का पडला नाही तेही मला आज ठाऊक आहे. तो मोठा टॅब मला स्वतःला हवा होता. दोन वर्षं मी त्या दुकानाच्या काचेबाहेर थांबून तो बघत होतो आणि दर वेळी मनाला समजावत होतो. आता तो ताईला मिळणार, दुसऱ्याच्या खर्चाने, न मागता, आणि ती त्यावर नख दाबणार. माझ्या पोटात दुखलं. याला दुसरा सभ्य शब्द मला सापडलेला नाही.

दुकानातूनच मी मालकीणबाईंना फोन लावला. "मोठा उगाच जड जाईल. ताईला झेपलं पाहिजे ना. छोटा घ्या. नक्षीचं भागेल त्यात, आणि रोजच्या वापराला तर उत्तमच." यात खोटं असं एकही वाक्य नव्हतं. म्हणून तर ते इतकं सफाईने बोलता आलं.

बाहेर पडल्यावर ताई म्हणाली, "तो पहिला नाही का घ्यायचा?"

"तो फार किचकट असतो, ताई. तुझा गोंधळ उडेल."

"बरं," ती म्हणाली. "तुला कळतं त्यातलं."

एका दुपारी तिच्याकडे जाऊन मी तिला टॅब शिकवला. चालू कसा करायचा, वही कुठे आहे, पुसायचं कसं, पाठवायचं कसं. तासाभरात तीनदा माझा फोन वाजला आणि तिन्ही वेळा मी गॅलरीत जाऊन बोललो. ताई प्रत्येक पायरी तिच्या कागदी वहीत गोल अक्षरांत लिहून घेत होती आणि शेजारी बटणाचं छोटंसं चित्र काढत होती. निघताना मी म्हणालो, "तू तुझ्या नेहमीच्या पद्धतीने काढ. घाबरू नकोस." तिने मान डोलावली. हे वाक्य मी बोललो होतो, हे मी कसा विसरलो देव जाणे.

आठवडा संपला तशा सात फायली आल्या. मी जिन्यात उभा होतो, वर जाऊन एका जाहिरातीची भांडणं करायची होती. अंगठ्याने एकेक चित्र सरकवत गेलो. अर्धं फूल. अर्धी परडी. एक पोपट, पानाच्या एका बाजूला चिकटून बसलेला, समोर कोरं. अर्धी वेल, अर्धी कमान. सातही नक्ष्या मध्यावर येऊन तुटलेल्या, आणि प्रत्येकीच्या तुटक्या कडेला वर एक आणि खाली एक ठिपका. पेन चुकून टेकलं असणार, मी मनात म्हटलं. काचेवर हात घसरतोय बिचारीचा. अर्ध्यातच दमली.

मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याबरोबर हायसंही वाटलं, हेही लिहून ठेवतो. तिला जमणारच नव्हतं म्हटल्यावर मोठा काय आणि छोटा काय. दुकानातलं माझं पोटदुखीचं पाप परस्पर धुऊन निघालं.

संध्याकाळी मी तिला फोन केला.

"पोचल्या का रे?"

"पोचल्या."

"बघितल्यास?"

"हो."

"मग?"

"छान आहेत, ताई."

"काच फार गुळगुळीत आहे. रेघ भरत नाही, म्हणून दोन-दोनदा फिरवली. पण जमवलंय."

"छान आहेत," मी पुन्हा म्हणालो. अर्ध्याच का काढल्यास, एवढं विचारायला पाच सेकंद लागली असती. तिला लाज वाटू नये म्हणून विचारलं नाही, अशी मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग मालकीणबाईंना फोन करून मोठ्या मनाने म्हणालो, "नाही हो, जमत नाहीये तिला. वय झालं आता. तिला त्रास देऊ नका, काहीतरी हलकं काम द्या."

पुढच्या सोमवारपासून खिडकीजवळच्या टेबलावर भाची बसायला लागली आणि ताई दोऱ्यांच्या खोलीत गेली. मला हे रविवारच्या फोनवर ताईनेच सांगितलं, हवापाण्याच्या गप्पांमध्ये सांगावं तसं. "दोऱ्यांच्या छटा जुळवून द्यायच्या. बसून काम आहे. खोली थंड आहे." मी म्हणालो, "डोळ्यांना आराम मिळेल." ती म्हणाली, "हो, तेच." मग तिने माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. नंतरच्या प्रत्येक रविवारी तिचा फोन ठरल्या वेळी येत राहिला. एका शब्दाने तिने काही विचारलं नाही, आणि मी समजलो, मानवलं तिला.

दोन महिन्यांनी मी तो मोठा टॅब घेतला. माझा जुना बंद पडत होता, अशी सबब तयार होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून मी कामाला बसलो. एका रोपवाटिकेसाठी चिन्ह करायचं होतं, साधं पान. मधली रेघ चालू केली आणि डावीकडे अर्धं पान काढायला लागलो. उजवीकडून दुसरं अर्धं माझ्या हाताबरोबर वर चढत आलं.

माझा हात थांबला. मला अचानक गालावर काहीतरी लागल्यासारखं वाटलं आणि मी खरोखरच हात लावून बघितला.

मग मी ताईच्या सातही फायली शोधून काढल्या आणि मोठ्या काचेवर उघडल्या. पहिलीची नक्कल केली, उलटी फिरवली, शेजारी नेऊन ठेवली. ठिपक्यावर ठिपका बसला, वरचा वर, खालचा खाली. फूल पूर्ण झालं. दुसरी, तिसरी. परडी भरली. पोपटासमोर पोपट येऊन बसला आणि दोघांच्या चोचींमध्ये एकच फळ. सातही नक्ष्या चोख होत्या. एका पाकळीचं टोक इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. आणि त्या दाब न कळणाऱ्या पेनाने, त्या निसरड्या काचेवर, तिने प्रत्येक वळणावर रेघ पुन्हा फिरवून फिरवून जाड केली होती, हाताने भरल्यासारखी. मोठं करून बघितल्यावर ते दिसत होतं. जिन्यातसुद्धा दिसलं असतं, बघितलं असतं तर. मी उठलो, तोंड धुतलं, परत येऊन बसलो आणि परत उठलो. चहा तसाच राहिला.

दुपारी कारखान्यात गेलो. मालकीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवून एकेक नक्षी बघितली.

"अहो, या तर उत्तम आहेत. पण जमत नाही असं तुम्हीच म्हणालात ना?"

"मीच म्हणालो. चूक माझी. तिने घडीची अर्धी नक्षी काढली होती, आणि मी ती उघडून बघितली नाही."

त्यांनी खिडकीकडे बघितलं. भाची टॅबवर मान घालून काम करत होती. टेबलाच्या कडेच्या खळग्यात तिने पाण्याची बाटली टेकवून ठेवली होती.

"आता तिला ऊठ म्हणू का मी?" मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ती पण जीव तोडून करतेय. पुढच्या हंगामाला काम वाढलं तर बघू. आज मी शब्द देत नाही." मग म्हणाल्या, "आणि ताईंना मी तेव्हाच खरं ते सांगितलं होतं हं. म्हटलं, तुमच्या भावाने नक्ष्या बघून सांगितलंय, माझ्या मनाने मी काही करत नाही."

म्हणजे ताईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आठ रविवार तिने मला फोन केले होते.

दोऱ्यांच्या खोलीला खिडकी नाही. भिंतभर फळ्या, फळ्यांवर रिळं, छताला एक पांढरी ट्यूब. ताई स्टुलावर बसली होती आणि मांडीवरच्या ताटात हिरव्या रंगाच्या दहा-बारा लड्या सुट्या करून ठेवत होती. तिच्या नखांच्या कडा स्वच्छ झाल्या होत्या. मला त्याच आधी दिसल्या.

"बारक्या? या वेळी? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. हे दाखवायला आलो."

खरं बोलायचं धैर्य होईना, म्हणून मी आधी टॅब तिच्यापुढे धरला, मधली रेघ चालू करून दिली आणि पेन तिच्या हातात दिलं. तिने ओळखला तो टॅब. ताट बाजूला ठेवून तिने रेघेच्या डावीकडे अर्धं कमळ काढायला घेतलं, आणि उजवीकडचं उमटायला लागलं तशी दचकून पेन उचललं. पुन्हा टेकवलं. पुन्हा उमटलं. मग ती हसली, अगदी मनापासून.

"अगं बाई! म्हणजे आता उघडायला कोणी लागतच नाही." आणि पेन मला परत दिलं. "चांगलं आहे हे. छान घेतलास."

मग मी तिला तिच्याच सात नक्ष्या दाखवल्या, जोडलेल्या. तिने चष्मा नाकावर सारून बघितलं. पहिल्याच नक्षीवर बोट ठेवलं, काचेला न लावता, वरचेवर.

"घडीवरची रेघ दोन्हीकडून धरलीस. दांडा जाड झाला बघ."

"ताई," मी म्हणालो, "तुला जमत नाही असं बाईंना मीच सांगितलं."

"माहीत आहे मला."

"मग मला विचारायचं नाहीस? चार शिव्या घालायच्या होत्यास."

"विचारायचं काय त्यात?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "तू बघून सांगितलंस म्हटल्यावर नक्षीतच काहीतरी चुकलं असणार. तू लहानपणापासून माझं राहिलेलं भोक शोधायचास. दोन महिने मी रोज घरी जाऊन त्या सात नक्ष्या कागदावर काढून बघतेय रे. घडी घालते, टोचते, उघडते, खिडकीवर धरते. मला चूक सापडतच नाही. म्हटलं, डोळे गेले वाटतं आपले."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"चूक नव्हतीच, ताई. मी उघडल्याच नव्हत्या."

मी मालकीणबाईंना काय सांगितलं ते तिला आधीपासून माहीत होतं, पण हे माहीत नव्हतं. बाहेर मशीनं चालू होती आणि त्यांचा आवाज फळ्यांवरच्या रिळांना लागून खोलीभर बारीक थरथरत होता. तिचा उजवा अंगठा मांडीवरच्या कापडावर हळूहळू वरून खाली फिरत होता, घडी दाबावी तसा. मग तिने ताट पुन्हा मांडीवर ओढलं, दोन हिरव्या लड्या उचलल्या आणि माझ्यासमोर धरल्या.

"या दोन्ही एकच आहेत का?" ती म्हणाली. "मला या दिव्यात कळत नाही. बाहेर उजेडात ने, आणि नीट बघून सांग."